वस्तऱ्याने स्वतःची दाढी : नवशिक्याने आधी काय शिकावे?

पात्याला कोणतेही संरक्षक आवरण नसलेला, मुठीत दुमडून ठेवता येणारा पारंपरिक वस्तरा स्वतः वापरण्याची हौस गेल्या दोन दशकांत अनेक देशांत पुन्हा मूळ धरू लागली आहे. २०१२ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'स्कायफॉल' या जेम्स बाँडपटातील दाढीच्या दृश्याने तिला आणखी उत्तेजन मिळाले. भारतातही महागड्या कार्ट्रिजना कंटाळलेले, प्लॅस्टिकचा कचरा नको असलेले किंवा केवळ जुन्या वस्तूंचे आकर्षण असलेले काही जण या वाटेला वळतात. न्हाव्यापुढे मान मागे टाकून निर्धास्त बसण्याची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तोच वस्तरा स्वतःच्या हातात घेऊन आरशासमोर उभे राहणे ही मात्र अगदी निराळी गोष्ट आहे.

ही हौस समजण्यासारखी असली तरी तिच्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. वस्तऱ्याने दाढी करणे म्हणजे हात स्थिर ठेवणे, असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात येथे दोन स्वतंत्र कौशल्ये लागतात. एक दाढी करण्याचे, दुसरे पात्याची धार राखण्याचे. पहिल्याची धास्ती सर्वांनाच वाटते. दुसऱ्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. चेहऱ्यावरच्या जखमांना मात्र अनेकदा हे दुसरे दुर्लक्षच कारणीभूत असते. पाते बोथट असेल तर केस कापला जाण्याऐवजी ओढला जातो, दाढी करणारा नकळत हाताचा जोर वाढवतो आणि जोर वाढला की पाते केसावरून सरकून त्वचेत शिरते.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात ही बाब नेमकी ओळखली होती. गरीब तरुणाला स्वतःची दाढी करायला आणि वस्तरा नीट राखायला शिकवले, तर एक हजार गिनी हाती ठेवण्यापेक्षा त्याच्या सुखात अधिक भर पडेल, अशा आशयाचे विधान त्यांच्या आत्मचरित्रात आहे. न्हाव्याची वाट पाहणे, त्याची अस्वच्छ बोटे आणि बोथट वस्तरे यांतून होणारी सुटका त्यांच्या डोळ्यांपुढे होती. त्यांनी दाढी करणे आणि वस्तरा राखणे या दोन्ही गोष्टींचा एकत्र उल्लेख केला, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

दुकानातला वस्तरा वेगळा

आज भारतातील बहुतेक केशकर्तनालयांत दिसणारा वस्तरा हा खऱ्या अर्थाने जुना वस्तरा नाही. त्याचा सांगाडा तसाच दिसतो. परंतु त्यात दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवलेला असतो. कारागीर ब्लेड कागदाच्या वेष्टनातच मधोमध मोडतो, एक अर्धा भाग खाचेत सरकवतो आणि दाढी झाल्यावर तो फेकून देतो. परदेशात या प्रकाराला 'शेव्हेट' असे नाव आहे. जुन्या वस्तऱ्याचे पाते मात्र अखंड पोलादाचे असते. ते बदलायचे नसते, त्याला पुन्हा पुन्हा धार लावायची असते. चांगले पाते नीट सांभाळले तर एका माणसाचे आयुष्यभर टिकते.

दुकानांतून जुना वस्तरा मागे पडण्यामागे सोय हे एक कारण होते. रक्तावाटे पसरणारे रोग हे त्याहून गंभीर कारण होते. वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म ओरखडे नेहमीच पडतात. एचआयव्हीचा प्रसार सुरू झाल्यानंतर प्रत्येक ग्राहकासाठी नवे ब्लेड वापरण्याचा आग्रह जनजागृती मोहिमांतून धरण्यात आला आणि ग्राहकही तो धरू लागले. काविळीच्या विषाणूंबाबत हा आग्रह तितकाच, किंबहुना अधिक आवश्यक आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. वाळलेल्या रक्ताचा न दिसणारा अंशही म्हणून धोकादायक ठरतो. पात्याचा वस्तरा दर ग्राहकामागे पूर्णपणे निर्जंतुक करणे लहान दुकानात व्यवहार्य नसते. लाकडाच्या किंवा शिंगाच्या मुठी आणि नाजूक धार हे उपचार सहन करत नाहीत.

नवशिक्यासाठी यातून निघणारा नियम सरळ आहे. एक वस्तरा, एक माणूस. वडील आणि मुलगा, भाऊ आणि भाऊ, खोलीत एकत्र राहणारे मित्र यांच्यातही वस्तऱ्याची देवाणघेवाण होता कामा नये. तुरटीच्या खड्यालाही हाच नियम लागू आहे. दुकानात एकच खडा दिवसभर अनेकांच्या गालांवरून फिरतो, ही पद्धत जितक्या लवकर बंद होईल तितके बरे.

स्वस्तात मिळतो म्हणून अनेक जण अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर हात बसवण्याचा विचार करतात. त्यात धार लावण्याची कटकट नाही, हे खरे. परंतु हे ब्लेड अतिशय पातळ आणि तीक्ष्ण असते, सांगाडा हलका असतो आणि कोनातील लहानशी चूकही लगेच जखमेच्या रूपाने दिसते. जुन्या वस्तऱ्याचे वजनदार पाते त्या मानाने क्षमाशील असते. तेव्हा अर्ध्या ब्लेडने सुरुवात करण्यास हरकत नाही. मात्र तो सोपा पर्याय आहे असे समजू नये.

पोलादाची गोष्ट

स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारे पुस्तक युरोपात १७६९ मध्येच निघाले होते. पॅरिसमधील कारागीर झाँ-झाक पेरे याने ते लिहिले. तो स्वतः सुऱ्या-वस्तरे बनवणारा असल्यामुळे त्याला धारेचे महत्त्व सांगण्याची गरज नव्हती. पात्याला लाकडी आवरण जोडून त्वचेत ते खोल जाणार नाही अशी युक्तीही त्याच्याच नावावर आहे. आजच्या सेफ्टी रेझरचे ते दूरचे पूर्वरूप मानले जाते.

वस्तऱ्याची प्रगती ही खरे तर पोलादाची प्रगती आहे. इंग्लंडमधील शेफील्ड परिसरात बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. त्यामुळे एकजिनसी, कठीण पोलाद मिळू लागले आणि शेफील्डचे वस्तरे जगभर गेले. या कथेत मुंबईचाही एक धागा आहे. दक्षिण भारतात शतकानुशतके तयार होणाऱ्या 'वुट्झ' पोलादाचे नमुने मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी या पोलादाची पाती घडवली आणि त्याची मुक्तकंठाने शिफारस केली. पुढे याच स्टोडार्ट यांनी मायकेल फॅरेडे यांच्यासह मिश्र पोलादावर प्रयोग केले. विजेच्या संशोधनामुळे अजरामर झालेला हा शास्त्रज्ञ त्या काळात चांगल्या पात्याच्या पोलादाच्या शोधात होता, हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील झोलिंगन हे शहर आघाडीवर आले. तेथील कारागिरांनी पात्याच्या दोन्ही बाजू आतून पोकळ घासून ते कमालीचे पातळ केले. झोलिंगन या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. त्या भागात न बनलेल्या पात्यावर ते कोरता येत नाही. फ्रान्समधील तिएर हे गावही या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही ठिकाणी आजही वस्तरे घडवले जातात.

वस्तऱ्याची सद्दी संपवली ती किंग कँप जिलेट यांच्या बदलत्या ब्लेडच्या यंत्राने. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, या कंपनीची केवळ ५१ यंत्रे आणि १६८ ब्लेड खपली. दुसऱ्याच वर्षी यंत्रांच्या विक्रीने ९० हजारांचा टप्पा ओलांडला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना हे यंत्र देण्यात आले आणि घरी परतलेल्या त्या तरुणांनी वस्तऱ्याकडे पुन्हा वळून पाहिले नाही. जिलेट यांच्या शोधाने दाढी करणाऱ्याची दोन्ही कामे कमी केली. कोन यंत्राने ठरवून दिला आणि धार लावण्याची गरजच उरली नाही. वस्तऱ्याकडे परतणाऱ्याला ही दोन्ही कामे पुन्हा स्वतःकडे घ्यावी लागतात.

निवड करताना

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजली जाते. नवशिक्यासाठी पाच-अष्टमांश किंवा सहा-अष्टमांश इंचाचे पाते योग्य मानले जाते. त्याहून अरुंद पाते हलके पडते, रुंद पाते नाकाखाली वळवणे अवघड जाते. पात्याचे टोक गोल असावे. चौकोनी आणि अणकुचीदार टोक देखणे दिसते, परंतु कानाच्या पाळीजवळ आणि ओठांच्या कोपऱ्यात ते पहिल्याच आठवड्यात आपला प्रताप दाखवते. कार्बन पोलादाला धार लवकर लागते. ते गंजतेही लवकर. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी स्टेनलेस पात्याचा विचार करणे शहाणपणाचे ठरेल.

बाजारात अत्यंत स्वस्त वस्तरे मिळतात. दिसायला ते वस्तऱ्यासारखे असले तरी त्यांच्या पोलादाला धार धरत नाही आणि कितीही घासले तरी ती टिकत नाही. अशा पात्यामुळे हौशी माणसाचा दोष नसताना त्याचा धीर खचतो. त्यापेक्षा शेफील्ड किंवा झोलिंगनचा जुना वस्तरा जुन्या बाजारात मिळाला तर तो चांगला. मात्र धारेवर खाच, तडा किंवा गंजाचे खड्डे नसावेत आणि पाठ सर्वत्र सारखी जाड असावी, हे पाहून घ्यावे. असा वस्तरा घरी आणल्यावर प्रथम पूर्ण स्वच्छ आणि निर्जंतुक करणे अपरिहार्य आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. नवा वस्तरा कारखान्यातून आला म्हणजे तो दाढीला तयार असतोच असे नाही. अनेकदा त्याला शेवटची बारीक धार लावावी लागते. विकत घेतानाच हे विचारून घ्यावे आणि पहिली धार जाणकाराकडून लावून घ्यावी. चांगली धार कशी असते याचा अनुभवच नसेल, तर पुढे ती आपल्या हातून लागली की नाही हे ओळखायचे कशावरून?

धार म्हणजे नेमके काय?

दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. मग तो पोलाद बोथट कसे करतो, हा प्रश्न अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी हाती घेतला. त्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. धार केवळ झिजून गोलसर होते, ही कल्पना अपुरी असल्याचे त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आढळले. केस तिरका लागला आणि त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली, तर धारेचा सूक्ष्म टवका उडतो. एक टवका उडाला की त्याच्या कडेला दुसरा उडणे सोपे होते. हे निरीक्षण फेकून द्यायच्या ब्लेडवरचे असले तरी पाते का राखावे लागते, हे त्यावरून समजते.

ही राखण दोन प्रकारची आहे. दररोजची राखण चामड्याच्या पट्ट्यावर होते, तर काही महिन्यांनी करायची राखण दगडावर म्हणजे निसण्यावर. पट्ट्याने नवी धार तयार होत नाही. असलेली धार स्वच्छ होते, सरळ राहते आणि तिला झिलई येते. पट्टा एका टोकाला अडकवून ताठ धरावा. वस्तरा त्यावर सपाट ठेवावा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या असाव्यात. तो नेहमी पाठ पुढे आणि धार मागे अशा दिशेने ओढावा. टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवरून उलटवायचे असते. धारेवरून उलटवले तर एका क्षणात पट्टा कापला जातो आणि धारही जाते. दाढीपूर्वी कापडी पट्ट्यावर वीस-पंचवीस आणि चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या पुरेशा होतात. वेगाला काही महत्त्व नाही. दुकानातील कारागिराचा सटासट आवाज ऐकून नवशिक्याला तसेच करण्याचा मोह होतो. बहुतेक पट्ट्यांवरच्या पहिल्या चिरा याच मोहातून पडलेल्या असतात.

निसण्यावरचे काम मात्र सावकाश शिकावे. वस्तऱ्याची रचना येथे मोठी मदत करते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की कोन आपोआप ठरतो. स्वयंपाकघरातील सुरीप्रमाणे तो अंदाजाने धरावा लागत नाही. दगड पूर्ण सपाट असावा, पाणी भरपूर असावे आणि हाताचा भार जेमतेम पात्याच्या वजनाइतका असावा. येथे धार पुढे जाते, म्हणजे पट्ट्याच्या अगदी उलट. धारेचा उतार बसवण्यासाठी १००० क्रमांकाचा दगड आणि नंतर ४०००, ८००० व १२००० असे अधिकाधिक बारीक दगड वापरण्यात येतात. नियमित पट्टा होत असेल तर फक्त शेवटच्या बारीक दगडावरचे काम दोन-तीन महिन्यांनी पुरते. अंगठ्याने किंवा नखाने धार पाहण्याची सवय टाळावी. हाताच्या लवेवरून पाते त्वचेपासून थोडे वर धरून नेले आणि लव सहज तुटली, तर धार समाधानकारक समजावी.

पूर्वी युरोपात आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात वस्तऱ्यांची पेटी मिळत असे, प्रत्येकावर वाराचे नाव कोरलेले. धारेला विश्रांती मिळाली की ती सुधारते, अशी त्यामागची समजूत होती.

पहिले पंधरा दिवस

दाढीची खरी तयारी पाण्याने होते. केस पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. त्यासाठी दोन-तीन मिनिटे कोमट पाणी लागते. म्हणून स्नानानंतरची वेळ उत्तम. ब्रशने दाट फेस काढून तो केसांच्या मुळापर्यंत घोळवावा. फवाऱ्याच्या डब्यातील फुगीर फेसापेक्षा साबणाचा ओलसर फेस अधिक उपयोगी पडतो, कारण पात्याला फुगा नव्हे तर ओल हवी असते.

त्याआधी एक काम कोरड्या चेहऱ्यावर करायचे असते. एक-दोन दिवसांची दाढी वाढू द्यावी आणि बोटे फिरवून केस कोणत्या दिशेने वाढतात ते पाहावे. गालावर ते साधारणपणे खाली वळलेले असतात. मानेवर मात्र अनेकांचे केस आडवे, वर किंवा भोवऱ्यासारखे वाढतात. ही दिशा लक्षात न घेता मानेवर वस्तरा चालवणे, हे पुरळ आणि आत वळणाऱ्या केसांचे नेहमीचे कारण आहे.

वस्तरा धरताना मूठ उलट बाजूला पूर्ण उघडलेली असते. अंगठा पात्यामागच्या दांड्याच्या खालच्या बाजूला, तीन बोटे वरच्या बाजूला आणि करंगळी मागच्या शेपटीवर येते. मोकळ्या हाताने त्वचा ताणायची. पाहणाऱ्याचे लक्ष वस्तऱ्याच्या हाताकडे असते. दाढीचे निम्मे काम मात्र हा दुसरा हात करतो. सैल त्वचा पात्यापुढे दुमडते आणि दुमडलेली त्वचाच कापली जाते. फेसाने बोटे निसटत असतील तर ती पुसून त्यांवर थोडी तुरटी फिरवावी, पकड चांगली बसते.

पात्याचा त्वचेशी कोन सुमारे ३० अंश असावा. पाते त्वचेवर सपाट ठेवून पाठ थोडी उचलली की हा कोन मिळतो. कोन त्याहून कमी झाला तर केस ओढले जातात आणि वाढला तर त्वचा खरवडली जाते किंवा कापते. वस्तरा नेहमी धारेला काटकोनात, लहान टप्प्यांनी पुढे न्यावा. भाजी चिरताना सुरी जशी लांबीच्या दिशेने सरकवतो तशी वस्तऱ्याची हालचाल क्षणभरही होऊ देऊ नये. खोल जखमा जवळजवळ नेहमी अशा आडव्या सरकण्याने होतात. पाते त्वचेवर टेकलेले असताना शिंक आली, दार वाजले, कोणी हाक मारली, तर आधी वस्तरा चेहऱ्यापासून दूर न्यावा. स्नानगृहाला कडी लावण्याचा साधा उपाय म्हणूनच महत्त्वाचा आहे.

पहिल्या आठवड्यात फक्त दोन गाल, कानापासून जबड्यापर्यंत. बाकी चेहरा नेहमीच्या रेझरने. तेही एकदाच, केसांच्या दिशेने. दुसऱ्या आठवड्यात जबड्याखालचा भाग घ्यावा. हनुवटी आणि वरचा ओठ सर्वांत शेवटी, कारण तेथील केस राठ असतात आणि पृष्ठभाग वळणाचा. उलट्या दिशेने दाढी करून गाल गुळगुळीत करण्याचा हट्ट महिनाभर तरी सोडून द्यावा. उजव्या गालासाठी उजवा आणि डाव्यासाठी डावा हात वापरावा, असे जुने जाणकार सांगतात. डाव्या हाताला ही सवय लागण्यास वेळ लागतो, पण चेहऱ्यासमोरून हात आडवा नेऊन आरसाच झाकून टाकण्यापेक्षा ते बरे. ज्यांना त्वचेवर वस्तरा टेकवण्यापूर्वी सराव हवा असेल त्यांनी फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून तो काढावा. व्यावसायिक शिक्षणात वापरली जाणारी ही जुनी युक्ती आहे; कोन चुकला की फुगा लगेच सांगतो.

शिकवणारे हात

पुस्तकातून आणि चित्रफितींतून बरेच काही कळते. परंतु हाताचा भार किती हलका असावा, हे पाहून आणि अनुभवूनच कळते. भारतातील नवशिक्याच्या जवळ यासाठी एक शिक्षक असतो, तो म्हणजे कोपऱ्यावरचा कारागीर. धोकटी घेऊन घरोघर जाणाऱ्या पिढीतील काही वयस्क नाभिक आजही आहेत. अखंड पात्याच्या वस्तऱ्यावर त्यांनी हात बसवला आहे आणि निसणा व पट्टा त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या मुलांनी अर्ध्या ब्लेडवरच काम शिकल्यामुळे हे ज्ञान त्यांच्याबरोबर संपण्याच्या मार्गावर आहे. परदेशातून पट्टा आणि दगड मागवणाऱ्या हौशी माणसाने आधी अशा एखाद्या कारागिराला गाठून, योग्य मोबदला देऊन, चार धडे घ्यावेत. आपल्या समाजाने ज्या कामाला जातीच्या उतरंडीत खालचे स्थान दिले, त्या कामात किती बारकावे आहेत हे त्यातून उमगेल.

या हातांनी वस्तरा नाकारल्याचाही इतिहास आहे. विधवांच्या केशवपनाची क्रूर रूढी नाभिकांच्या वस्तऱ्याशिवाय चालूच शकत नव्हती. १८९० मध्ये सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी असे काम न करण्याचा निर्धार केला. उच्चवर्णीयांच्या घरातील अन्यायाला हत्यार पुरवण्यास श्रमिकांनी दिलेला तो नकार होता.

महात्मा गांधींनीही आत्मचरित्रात या विषयाला स्पर्श केला आहे. इंग्लंडला जाणारे भारतीय तेथे निदान दाढी करायला तरी शिकतात, केस कापायला मात्र कोणी शिकत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी यंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःच केस कापले. पुढचे कसेबसे जमले, मागचे बिघडले आणि न्यायालयातील मित्रांनी थट्टा केली. गांधीजींनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. आपल्याकडे अस्पृश्य मानलेल्यांची हजामत करू दिली जात नाही, मग ही त्याचीच परतफेड आहे, असे त्यांना वाटले.

कोणी थांबावे, काय सांभाळावे

वस्तरा सर्वांसाठी नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, रक्त गोठण्याचा विकार असलेल्यांनी आणि हात थरथरणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मधुमेह असेल तर जखमा भरण्यास वेळ लागतो. अशांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. चेहऱ्यावर मुरुमे, फोड किंवा बुरशीचा संसर्ग असताना वस्तरा फिरवल्यास तो पसरतो. ज्यांच्या जखमेवर जाड, उंच व्रण येतात त्यांच्या बाबतीत लहानसा कापही कायमची खूण ठेवून जाऊ शकतो.

किरकोळ ओरखड्यावर थंड पाणी आणि स्वतःच्या तुरटीचा ओला खडा पुरतो. कापलेल्या जागी स्वच्छ कापड दाबून धरावे. दहा-पंधरा मिनिटे दाब देऊनही रक्त थांबले नाही, किंवा जखमेच्या कडा एकमेकींपासून सुटल्या, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांकडे जावे. आणि हातातून निसटलेला वस्तरा कधीही झेलू नये. पाते तुटले तर दुसरे घेता येते. बोटांच्या शिरा पुन्हा जोडण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते.

दाढी झाल्यावर पाते धुऊन मऊ कागदाने पाठीकडून धारेकडे पुसावे, मुठीच्या खाचेतील पाणीही टिपावे आणि वस्तरा काही वेळ उघडाच वाळू द्यावा. पावसाळ्यात पात्यावर तेलाचा पुसट हात फिरवावा. स्नानगृहातील दमट फळीवर तो ठेवू नये. मुलांचा हात पोहोचणार नाही असे कुलूपबंद कपाट अधिक योग्य. प्रवासाला निघताना विमानाच्या हातसामानात वस्तरा नेण्यास परवानगी नसते. तो तपासणीनंतर विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातच, पात्याला आवरण घालून ठेवावा लागतो.